गेन्यामावशी गप्प बसायला शिकली

आमच्या सारीबुलाक स्टेशनावर भलंमोठं घड्याळ आहे, पण त्या काळी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. गेन्यामावशीचा आवाज पुरायचा. "लक्ष द्या. कारागांद्याकडे जाणारी गाडी पहिल्या फलाटावर येत आहे," असं ती भोंग्यातून म्हणाली की पोस्टातली माणसं जेवायला उठायची. स्टेपीच्या माळावर वाऱ्याला अडवायला काही नाही, त्यामुळे तिचा आवाज पार पलीकडच्या वाडीपर्यंत पोचायचा.

तिचं पूर्ण नाव गेनोवेफा यानोव्ना झाव्हात्स्का. मी लुत्सिया, तिकीट खिडकीवरची. तिची खोली आणि माझी खिडकी यांच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन, त्यामुळे अकरा वर्षं ती जे जे बोलली ते मी दोनदा ऐकलं, एकदा भिंतीतून आणि एकदा भोंग्यातून. आणि ती फक्त गाड्यांबद्दल बोलायची असं कोणी समजू नये. सेइतकाली धनगर मेंढ्या घेऊन रूळ ओलांडायला लागला की भोंगा खरखरायचा, "सेइतकाली! फाटक तुझ्या बापानं शोभेला ठेवलंय का? फाटकातून जा!" सेइतकाली टोपी काढून हवेत हलवायचा आणि रुळांवरूनच जायचा.

आमच्या दोघींची घराणी सन छत्तीसमध्ये एकाच मालगाडीतून इथं आणली गेली. युक्रेनमधली झितोमिरच्या बाजूची पोलिश आणि जर्मन गावंच्या गावं सरकारनं उचलून या माळावर उतरवली होती. इथं ना चर्च, ना फादर. होत्या त्या फक्त बायकांना तोंडपाठ असलेल्या प्रार्थना. प्रार्थनेला तेव्हा सरकारची बंदी होती, म्हणून मावशीची आई मार्त्सेलिना पडदे ओढून घरात रोजरीची जपमाळ चालवायची आणि पाच वर्षांची गेन्या खिडकीशी पहाऱ्याला उभी असायची. सगळ्या प्रार्थना आणि गाणी आईनं एका वहीत उतरवून ठेवली होती. आई गेल्यावर ती वही गेन्याकडे आली आणि वहीबरोबर सगळ्यांच्या पुढे उभं राहायचा मानही आला. सन नव्वदनंतर बंदी उठली, आम्हाला बंद पडलेली बालवाडी चॅपलसाठी मिळाली, दर पंधरा दिवसांनी शहरातून फादर यायला लागले, तरी रोजरी आणि गाणी मावशीच सांगायची.

सांगायची म्हणजे काय, हाकायची. कोणी अर्धा शब्द गिळला की ती थांबून त्याच्याकडे बघायची. "देवाशी बोलायचं तर स्पष्ट बोलावं," ती म्हणायची. "पुटपुटायला तो काय तुझा नवरा आहे?" सगळ्यांत जास्त बोलणी खायची पोस्टातली एमिलिया हाइनले. एमिलिया नाकातून गायची आणि प्रत्येक ओळीला एक श्वास मागे असायची. मावशी तिला भर चॅपलमध्ये म्हणायची, "एमिलिया, तुझी पार्सलंसुद्धा अशीच उशिरा येतात."

मावशी बावन्न वर्षांची असताना तिच्या गळ्याला गाठ आली. कापून काढावी लागली. गाठ साधी निघाली, पण ती आवाजाच्या नसेला विळखा घालून बसली होती. शुद्धीवर आल्यावर मावशीनं नर्सकडे पाणी मागितलं आणि तोंडातून नुसती हवा आली. दोन-तीन महिन्यांनी हवेची कुजबुज झाली, सुकं गवत चुरल्यासारखी. तोंडाशी कान नेला तर ऐकू यायचं. त्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले.

भोंग्यावर दुसरी मुलगी आली. आमचे स्टेशनमास्तर कैरात झुमाबेकोविच भला माणूस. त्यांनी मावशीला बोलावलं आणि म्हणाले, "गेनोवेफा यानोव्ना, सातव्या किलोमीटरचं फाटक रिकामं आहे. तिथं गळा लागत नाही, डोळे आणि कान लागतात. दिवसपाळी देतो. चालेल का बघा."

तिनं कागदावर लिहिलं, "म्हणजे मला माळावर टाकताय."

"रोज गाडी न्यायला-आणायला येईल," ते म्हणाले.

गेली ती. दुसरं करणार काय? नवरा कधीच वारला होता, मुलगी रेगिना कारागांद्याला दिली होती. फाटकावर एक केबिन, आत शेगडी, टेबल, फोन. घंटा वाजली की फाटक पाडायचं, गुंडाळलेला पिवळा झेंडा धरून बाहेर उभं राहायचं, गाडी पूर्ण जाईपर्यंत चाकांकडे बघायचं, मग फाटक उचलायचं आणि फोनवर कुजबुजायचं, "सातवं, सुखरूप." दिवसाला आठ-नऊ गाड्या. मधला सगळा वेळ वारा.

चॅपलमध्ये मावशीच्या जागी एमिलिया उभी राहिली. मावशी मागच्या बाकावर बसायची, ओठ घट्ट मिटून. एमिलियानं एकदा वही मागितली, तर मावशीनं नकाराची मान हलवली आणि पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली. आईची वही त्या पर्समध्येच होती, मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात ती इतकी वाळली की कोट तिच्यावर नसून खुंटीवर टांगलाय असं वाटायचं. केबिनमध्ये ती दिवसभर रोजरी ओढायची. किती झाल्या हे कॅलेंडरवर रेघा मारून ठेवायची. पुढं तिनंच मला लिहून सांगितलं, "मी देवाला सोडतच नव्हते. माझा आवाज परत दे, नाहीतर तिचा काढून घे, एवढंच चाललं होतं."

फादर झेनोन तेव्हा सत्तरीचे होते आणि उजव्या कानानं बहिरे. नाताळच्या आधी मावशी पापनिवेदनाला गेली. त्यांना तिची कुजबुज ऐकू येईना, म्हणून तिनं चार पानं लिहूनच नेली होती. फादरांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. मग म्हणाले, "गेनोवेफा, यातली तीन पानं एमिलियाबद्दल आहेत आणि एक देवाबद्दल. तुझं पान घरी राहिलं का?"

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण फादर शांतपणे पुढे बोलले. "आता प्रायश्चित्त सांगतो. पुढचे पंधरा दिवस रोजरी हातात घ्यायची नाही."

तिनं कागद ओढून घेतला. "प्रार्थना बंद करू?"

"बंद नाही. गाडी गेली, फाटक उचललं, फोन केला, की दहा मिनिटं खुर्चीत बस. डोळे मिट. काही मागू नको, कोणाची तक्रार सांगू नको, आभारसुद्धा मानू नको. मन पळालं की नुसतं 'येशू' म्हण आणि परत ये. शंभरदा पळालं तर शंभरदा परत ये. एवढंच."

"आणि तेवढा वेळ देव काय करणार?" तिनं लिहिलं.

"ते त्याला ठरवू दे की."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या खिडकीतून कागद आत सरकवला. "फादर म्हातारा झालाय. मला रिकामं बसायला सांगितलंय. पन्नास-पन्नास वर्षं आम्ही पडदे ओढून प्रार्थना केल्या त्या काय रिकामं बसण्यासाठी?"

मी म्हटलं, "मावशी, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. बसून बघ."

बसली. चिडून का होईना, पण सांगितलेलं पाळणारी बाई. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत तिनं मनातल्या मनात एमिलियाला दोन पत्रं लिहिली आणि गाड्यांचं अख्खं वेळापत्रक म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी झोप लागली. तिसऱ्या दिवशी सेइतकालीच्या मेंढ्या आठवल्या आणि एवढा राग आला की ती उठून बाहेर जाऊन बघून आली. मेंढ्या नव्हत्याच. मनात नुसती वर्दळ, बाजाराच्या दिवशीच्या स्टेशनासारखी. पंधरा दिवसांनी तिनं फादरांच्या हातात चिठ्ठी दिली, "काहीही घडलं नाही."

फादरांनी वाचली. "छान," ते म्हणाले. "आणखी पंधरा दिवस."

असं नाताळ गेलं, जानेवारी गेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळची गोष्ट. कोळशाची लांबलचक मालगाडी गेली. मावशीनं फोन केला, आत येऊन बसली. मन पळालं, 'येशू' म्हणून परत आली. पुन्हा पळालं, पुन्हा आली. मग घंटा वाजली आणि तिला वाटलं, यंत्र बिघडलं की काय, कारण पुढची गाडी चाळीस मिनिटांनी होती. घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती. झोप लागली नव्हती. शेगडीतला कोळसा तडतडलेला तिला ऐकू आला होता, बाहेर बर्फ सरकल्याचंही. एवढा वेळ ती मनात कोणाशीही भांडली नव्हती. घटना एवढीच.

गाडी गेल्यावर तिला कडकडून भूक लागली. डब्यातला काळा पाव आणि मीठ लावलेली डुकराची चरबी तिनं उभ्याउभ्याच खाल्ली. "ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाव पावासारखा लागला," तिनं मला लिहिलं. मी विचारलं, "म्हणजे देव दिसला का?" तिनं खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पाव लागला, सांगितलं ना."

मग ते बसणं तिनं सोडलंच नाही. रोजरीही परत सुरू केली, पण एकच, आणि कॅलेंडरवरच्या रेघा थांबल्या.

बदल पहिल्यांदा सेइतकालीच्या लक्षात आला. मार्चमध्ये एकदा तो मेंढ्या फाटकातून घेऊन आला आणि केबिनच्या दारात उभा राहिला.

"आपा, तू ओरडत नाहीस तर मेंढ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

मावशीनं त्याला आत बोलावून दुधाचा चहा दिला. त्यानं खिशातून कुर्त काढलं, सुकवलेल्या दह्याचे खारट खडे, ते दोघांनी चघळले. तिची गाडीनंतरची वेळ झाली तेव्हा तिनं बोटानं त्याला गप्प राहायची खूण केली आणि डोळे मिटले. सेइतकालीनं मला नंतर सांगितलं, "मला वाटलं आपाला चक्कर आली. मग कळलं, ती तिच्या देवापाशी गेलीय. मीपण टोपी नीट केली आणि बसलो. दहा मिनिटं वाऱ्याशिवाय काही नाही. बरं वाटलं." तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा तो तिथं टेकायचा. आपली नमाज तो माळावर पढायचा आणि बसायला तिच्या केबिनमध्ये यायचा.

ईस्टरला रेगिना आली. मावशीची ही एकुलती एक लेक, कारागांद्याला औषधांच्या दुकानात काम करणारी. दरवर्षी ती दोन दिवस यायची, आईचं भाषण ऐकायची, सोमवारच्या गाडीनं परत जायची. माझ्याकडे तिकीट काढताना तिचा चेहरा दरवेळी थकलेला असायचा. त्या वर्षी सोमवारी तिनं तिकीट काढलं नाही. आईबरोबर फाटकावर गेली.

तिथं काय झालं ते रेगिनानंच मला सांगितलं. दोघी पेरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, सारणासाठी बटाटे सोलत बसल्या होत्या. एक गाडी गेली, आई येऊन बसली, डोळे मिटले. रेगिनानं सोलायचं थांबवलं. आईनं डोळे उघडले तेव्हा तिच्याकडे नुसतं बघितलं, काही विचारलं नाही, काही लिहिलं नाही. आणि रेगिना बोलायला लागली. दोन वर्षांपूर्वी तिचं पाचव्या महिन्यात मूल गेलं होतं. मुलगी होती. नवऱ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

"आईला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तिनं लगेच चार संतांची नावं घेतली असती, तीन औषधं सांगितली असती, आणि मी कुठं चुकले तेही सांगितलं असतं. सांगणारी मी राहिलेच नसते, लुत्सियामावशी."

त्या दिवशी ती तासभर बोलत होती. मध्ये घंटा वाजली, आई झेंडा घेऊन बाहेर गेली, परत येऊन त्याच जागी बसली आणि मान हलवली, पुढं सांग अशी. शेवटी रेगिना रडत-हसत म्हणाली, "आई, तीस वर्षांत पहिल्यांदा तू माझं पूर्ण ऐकून घेतलंस."

मावशी पुढे वाकली आणि तिच्या कानात कुजबुजली, "दुसरा इलाज होता का?"

दोघी एवढ्या हसल्या की बटाट्याची टोपली लवंडली. मग मावशीनं विचारलं, "नाव ठेवलं होतं?" रेगिनानं सांगितलं. मावशीनं ते नाव लिहून घेतलं आणि कागद आपल्या आईच्या वहीत ठेवला.

त्यामुळेच असेल कदाचित, वही पर्समधून बाहेर आली. मे महिन्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी उजेड असतानाच मरियामातेची गाणी म्हणतात. त्या वर्षी लोक कमी व्हायला लागले होते. एमिलिया घाबरून गायची, तिचा सूर खाली-खाली जायचा आणि म्हाताऱ्या एकमेकींना कोपरं मारायच्या. एके दिवशी मावशी लवकर आली आणि थेट एमिलियासमोर जाऊन उभी राहिली. मी फुलं लावत होते, मला वाटलं आता काही खरं नाही.

एमिलिया म्हणाली, "हसायला आलीस ना माझ्यावर? हस. मला माहीत आहे मी कशी गाते."

मावशीनं पर्समधून वही काढून तिच्या हातात दिली. एमिलियानं ती उघडली आणि पहिल्या पानावरून बोट फिरवलं. ते अक्षर आमच्या सगळ्यांच्या आयांनी बघितलेलं होतं.

"मला?" ती म्हणाली. "गेन्या, हे मला देतेस?"

मावशीनं खिशातून कागद काढून लिहिलं, "गाण्यासाठी देतेय. आणि तिसऱ्या ओळीत तू श्वास चुकीच्या जागी घेतेस."

एमिलियानं वाचलं आणि नाकातूनच खोखो हसली. "हां, आता खरी गेन्या बोलली!"

त्या संध्याकाळी मावशी पहिल्या बाकावर बसली. श्वास घ्यायची जागा आली की ती तर्जनी वर करायची आणि एमिलिया बरोबर तिथं थांबायची. सूर नाकातलाच राहिला, पण ओळ मागे पडली नाही. महिनाअखेरीला बाकं पुन्हा भरली.

मावशी संतीण झाली असं मी म्हणणार नाही. फाटकावर एक ट्रकवाला घंटा वाजत असताना घुसायला बघत होता, तेव्हा तिनं झेंड्याच्या दांड्यानं त्याच्या बॉनेटवर असा तडाखा दिला की कैरात झुमाबेकोविचना दोन फोन आले. संध्याकाळी ती मला म्हणाली, "येशू म्हणायच्या आधी हात गेला." पण पूर्वी असा राग आठवडाभर पुरायचा. आता पुढच्या गाडीपर्यंतही टिकत नव्हता.

फादर झेनोन पोलंडला परत गेले तेव्हा निरोपाला आम्ही सगळे फलाटावर होतो. त्यांनी मावशीला विचारलं, "काय मग गेनोवेफा, अजूनही काही घडत नाही ना?"

ती त्यांच्या चांगल्या कानाशी गेली आणि बराच वेळ काहीतरी कुजबुजली. फादरांचे डोळे भरून आले. काय सांगितलंस म्हणून मी कितीदा विचारलं, पण ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही, आणि आता मीही विचारत नाही.

दोन हजार बारा साली फाटक यंत्रावर गेलं, तेव्हा मावशी एकसष्ट वर्षांची होती. रेल्वेनं फुलं आणि प्रमाणपत्र दिलं. त्यानंतर तिनं दर गुरुवारी दुपारी चॅपल उघडून बसायला सुरुवात केली. पहिल्या गुरुवारी ती एकटी होती. दुसऱ्या गुरुवारी मी गेले, कारण ती एकटी बसते हे मला बघवेना. मग एमिलिया आली, मग तिचा नातू आणि त्याची बायको, मग शाळेतल्या स्वयंपाकीणबाई बीबिगुल, ज्या मुसलमान आहेत आणि म्हणतात की सबंध आठवड्यात त्यांच्या कानांना तेवढीच सुट्टी. अर्धा तास बसायचं, मग प्रभूची प्रार्थना एकदा म्हणायची, बास. मावशी कोणालाही काही शिकवत नाही. नवा माणूस आला आणि त्यानं काय करायचं म्हणून विचारलं, तर मी तिच्या वतीनं सांगते, मन पळालं की परत या. मला स्वतःला अजून नीट जमत नाही. माझं मन रात्रीच्या स्वयंपाकापासून पोलंडपर्यंत सगळीकडे हिंडून येतं. मावशीला सांगितलं, तर तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

रेगिनाला पुढं मुलगा झाला, आता तो सहावीत आहे. सुट्टीत इथं येतो आणि आजीची कुजबुज त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली समजते. मावशी बहात्तर वर्षांची झाली. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर. गेल्या गुरुवारी बसून झाल्यावर आम्ही तिच्या अंगणातले कोबीचे गड्डे काढले. सेइतकालीचा मुलगा ट्रॉली घेऊन आला होता. चोवीस गड्डे निघाले, त्यातला एक एवढा मोठा की तो दोघींनी मिळून उचलावा लागला. मावशीनं तो एमिलियाला द्यायला सांगितला. एमिलिया म्हणाली, "घरात एकटी मी, एवढा कोबी करू काय?" मावशीनं तिच्याकडे बघून काही चावत असल्यासारखं तोंड हलवलं, "खा," अशा अर्थानं. मग आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो, ऊन छान पडलं होतं.